चिंचेने उमटलेली रेघ

ईरा आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर नीलने मला विचारलं, "आजी, चिनी सरळ तलवार भारी की जपानी वाकडी?" त्याच्या खेळात म्हणे दोन्हींतली एक निवडावी लागते आणि निवड चुकली की पहिल्याच फेरीत माणूस मरतो. मी म्हटलं, मी दोन्ही हातात धरल्या आहेत. एकाच दिवशी, एकाच चटईत गुंडाळून, मोपेडवर मागे बसून नेल्या आहेत. त्यावर तुम्ही दोघंही हसलात. आजी गंमत करते असं तुम्हाला वाटलं असणार. फोन ठेवल्यावर मला जाणवलं की ही गोष्ट मी तुमच्या आईलाही कधी नीट सांगितलेली नाही. सध्या मी कपाट आवरते आहे. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे: प्रत्येक वस्तूला पाकीट, प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी, म्हणजे माझ्यामागे कोणाला अंदाज बांधत बसावं लागू नये. एका वस्तूची चिठ्ठी लिहायला बसले आणि ती दोन ओळींत मावेना. म्हणून हे पत्र. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या, पण भाषांतर मागू नका. यातली माणसं इंग्रजीत बोलत नव्हती.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. माझे वडील सिल्वासाला मराठी शाळेत शिक्षक होते. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे, आणि आजी गेल्यावर आबा, म्हणजे माझे आजोबा, गावचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले होते. दोन खोल्या, मागे न्हाणीघर आणि पुढे कौलांची पडवी, एवढंच घर. सकाळी आठला नव्या सुताच्या कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि समोरच्या रस्त्यावरून सायकलींची रांग सुरू व्हायची. धुळे-नंदुरबारकडून आलेले कामगार आपसांत अहिराणी बोलत जायचे, मुकादम आला की हिंदी बोलायचे आणि कोपऱ्यावरच्या वाण्याशी गुजराती. मी नन्सच्या इंग्रजी शाळेत जायचे. घरी आल्यावर आई म्हणायची, "बाईसाहेब, इंग्लंडातून आलात? हातपाय धुवा." मग नाचणीची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि आमसुलाचं सार. त्या साराचा वास अजूनही मला चार वाजल्यासारखा वाटतो. हे कोणाला समजावून सांगता येत नाही.

आबा फौजेत हवालदार होते. ब्रह्मदेशातल्या लढाईत होते, आणि तिथून येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या: डाव्या पायातलं लंगडणं, पहाटे पाचला उठायची सवय आणि एक जपानी तलवार. तलवारीबरोबर त्यांच्या साहेबाच्या सहीचा कागद होता आणि पुढे रीतसर परवानाही. ती त्यांच्या ट्रंकेत असायची, जुन्या धोतरात गुंडाळलेली. काळं म्यान, दोन्ही हातांनी धरता येईल अशी लांब मूठ, मुठीवर वेणीसारखी विणलेली फीत, आणि अगदी हलका बाक असलेलं एकधारी पातं. तो बाक मला नेहमी ओळखीचा वाटायचा, पण कशाचा ते सांगता यायचं नाही. आबा कोणाला तिला हात लावू देत नसत. महिन्यातून एकदा स्वतः खोबरेल लावून पुसायचे आणि म्हणायचे, "चाळीस वर्षं झाली. एक डाग दाखवा."

दुसरी तलवार पाश्कोलकाकांची. ते मूळचे गोव्याचे, फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, अमदानीत सिल्वासाला कारकून म्हणून आले आणि अमदानी गेली तरी इथेच राहिले. त्यांचे वडील फिरंगी पलटणीबरोबर मकावला होते, तिथून त्यांनी चिनी तलवार आणली होती. ती अगदी सरळ होती. दोन्ही बाजूंना धार, मधोमध कण्यासारखी उंच रेघ, टोकाकडे निमुळती होत गेलेली; पितळी मूठ एका हातापुरती आणि तिला रंग उडालेला लाल गोंडा. काकांची बायको वारली होती, मुलगी लिस्बनला. रोज चारच्या चहाला ते पडवीत हजर. आणि रोज नाही, पण दिवसाआड तरी, तोच वाद.

"हवालदार, तुझी तलवार उन्हात राहिली काय रे? वाकली ती."

"आणि तुझी? मास्तरांची फूटपट्टी. पोरांच्या हातावर मारायला बरी."

"सरळ माणसाची तलवार सरळ."

"सरळ माणूस चहात चार चमचे साखर घेऊन एकच घेतली म्हणून सांगत नाही, पाश्कोल."

मग काका काठी उचलायचे आणि पडवीच्या खांबाला टोक लावून दाखवायचे: सरळ पातं म्हणजे बोट, जिथे दाखवाल तिथे जाणार; मनगट फिरवलं की दुसरी धार तयार. आबा छत्री दोन्ही हातांत धरून हळूच खाली ओढायचे. वाकडं पातं भोसकायला नसतं, ते ओढत चिरतं, लागल्याचं कळतसुद्धा नाही. एकदा त्यांनी आईला साक्षीला बोलावलं. "सूनबाई, विळीचं पातं सरळ असतं तर भोपळा चिरला असतास का?" आई आतूनच म्हणाली, "मला मध्ये घेऊ नका. आणि छत्री मोडली तर पावसात दोघंही तलवारी घेऊन जा." त्या दिवशी मला कळलं की तो बाक कशाचा: आमच्या विळीचा.

वर्षातून एकदा दोन्ही तलवारी शेजारी शेजारी असत. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा व्हायची. पाटावर आबांची तलवार, आईची विळी, बाबांचं पेन, माझी कंपासपेटी, आणि पाश्कोलकाकांची तलवार. ते चर्चला जाणारे, पण आदल्या दिवशी ती आणून द्यायचे. म्हणायचे, "पूजा तुमची, नैवेद्य माझा." श्रीखंडाबद्दल बोलायचे ते.

त्या वर्षी आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दोन वर्षं त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. आता डोळा बरा झाला होता, जाड भिंगांचा चष्मा वापीला तयार होता, आणि अष्टमीला बाबा शाळेतून परस्पर तिकडे जाऊन तो घेऊन येणार होते. आबांनी ठरवून टाकलं होतं: नव्या चष्म्यातून पहिली बघायची ती तलवार, नवमीच्या पूजेला. पण डॉक्टरांनी वाकायची बंदी केलेली, म्हणून त्यांनी मला बोलावून ट्रंकेची किल्ली हातात दिली. "खोबरेल आणि मऊ फडकं. बाकी काही करायचं नाही. करशील ना नीट?" किल्ली मला मिळाली याचा मला इतका अभिमान वाटला की मी ऐकलंच नाही, नुसती मान डोलावली.

अष्टमीच्या सकाळी मी न्हाणीघराच्या दगडावर देवांची पितळी भांडी चिंचेने घासत बसले होते. शेजारी तलवार. म्यानातून काढली तर पात्यावर तेलाचा जुना, तांबूस, चिकट थर. आबांना दोन वर्षं दिसत नव्हतं आणि ते तेलावर तेल चोळत होते. मला अस्वच्छपणा तेव्हाही सहन होत नसे. हातात चिंच होतीच. मी मुठीपासून टोकापर्यंत चिंच चोपडली, तेवढ्यात आईने चक्क्याचं फडकं पिळायला हाक मारली. परत आले तेव्हा पातं काळपट पडलं होतं. घाबरून राख लावली, घासलं, धुतलं. काळेपणा गेला. पण धारेच्या कडेने, मुठीपासून टोकापर्यंत, एक पांढुरका धुरकट पट्टा उमटला होता. त्याची कड सरळ नव्हती, समुद्र ओसरताना वाळूवर राहते तशी लाटालाटांची होती. मी पुन्हा घासलं. तो आणखी स्पष्ट झाला. ज्या माणसाने चाळीस वर्षं एक डाग पडू दिला नाही, त्याच्या तलवारीवर मी एका सकाळीत टोकापर्यंत डाग पाडला होता, आणि उद्या तो माणूस दोन वर्षांनी पहिल्यांदा नीट बघणार होता.

आईने बघितलं आणि कपाळाला हात लावला. रागावली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. बाराच्या सुमाराला पाश्कोलकाका आपली तलवार घेऊन मागच्या दाराने आले (मागून आले म्हणजे श्रीखंडाची चव बघायची असे), तेव्हा मी न्हाणीघरात रडत होते.

"अगो बाय, रडतेस कित्याक?" त्यांनी पातं उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा पडला. नेहमीसारखी थट्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी केली नाही. "हवालदाराने हे बघता कामा नये," एवढंच म्हणाले. "खेरडीला दगडू लोहार आहे. त्याला घासून काढता येतं काय बघू. चल."

"चारच्या चहाच्या आत परत या," आई म्हणाली. "आबा दुपारचे झोपून उठायच्या आत." आणि तिने स्वतः दोन्ही तलवारी चटईत गुंडाळल्या. काकांची का घेतली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "एकट्या तलवारीला वाईट वाटेल."

काकांच्या मोपेडवर मी मागे बसले, चटई मांडीवर आडवी; खेरडीपर्यंत दोन्ही बाजूंना पिवळं पडत आलेलं भात होतं. दगडू लोहार मूळचा खानदेशातला. एका आंब्याखाली त्याची भट्टी होती, तिथे तो शेतकऱ्यांचे कोयते, विळे, पहारी करायचा. त्याची बायको भट्टीच्या पंख्याचं चाक फिरवत होती. काकांनी चटई उलगडली. दगडूने जपानी तलवार दोन्ही हातांवर घेतली, झाडाच्या सावलीत गेला, पातं तिरकं करून त्या पट्ट्यावरून नजर नेली, परत आणली.  मग त्याने कपाळाला पातं टेकवलं.

"घासून निघेल का?" मी विचारलं.

"निघी जाई. पन काढशील कशाले?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. "पोरी, हाई डाग नही शे. हाई पानी शे."

मला कळलं नाही. पोलादाला पाणी पाजतात, म्हणजे लाल तापवून एकदम पाण्यात बुडवतात आणि ते कडक होतं, एवढं मी ऐकून होते. दगडू म्हणाला, पण सगळंच कडक केलं तर कोयता पहिल्याच फांदीवर तुटेल. म्हणून तो फक्त धार पाण्यात धरतो, पाठ मऊच ठेवतो. हा पांढुरका पट्टा म्हणजे कडक झालेली धार, वरचं काळसर ते मऊ अंग, आणि ती लाट म्हणजे दोघांची शीव. चिंचेचं आम्ल कडक आणि मऊ पोलादाला सारखं खात नाही, म्हणून ती दिसू लागली. "पन आखं पातं, आनि अशी लाट," तो म्हणाला. "पानीत धरीसन अशी नही येत. त्याने पाठीवर माती लिपी व्हई." हे तो आमच्याशी बोलत नव्हता. ज्या माणसाला त्याने कधी पाहिलं नव्हतं, ज्याचा देश त्याला ठाऊक नव्हता, त्याच्याशी बोलत होता.

मग त्याने आम्हाला विचारलंही नाही. जुन्या कानशी ठोकून केलेल्या दोन पट्ट्या त्याच्याकडे होत्या, सुऱ्यांसाठी. त्याने वारुळाची माती राखेत कालवली, दोन्ही पट्ट्यांच्या पाठीवर जाड थर दिला, धार उघडी ठेवली आणि त्या शेकत ठेवल्या. बायको म्हणाली, "गिऱ्हाईकाचा विळा ऱ्हायना तो?" "ऱ्हाऊ दे." ती हसली आणि चाक जोरात फिरवू लागली. पहिली पट्टी लाल झाली, मग त्याहून उजळ. सांडशीत धरून त्याने ती पाण्याच्या डोणीत घातली. सूं आवाज आला, आणि मागोमाग बारीक 'टिंग'. पट्टीला चीर गेली होती. दगडूने मान हलवली. "त्याचं पन पहिलं फुटलं व्हई," तो म्हणाला. दुसऱ्या वेळी त्याने डोणीत थोडं ऊन पाणी ओतलं. दुसरी पट्टी तापवण्याआधी धारेच्या बाजूने ऐरणीवर उभी धरून दाखवली. अगदी सरळ, खालून उजेडाची चीरही नाही.

ती पाण्यात गेली आणि आम्ही सगळे डोणीवर वाकलो. वाफेतून मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: पट्टी आधी खाली झुकली, जणू विचार करत थांबली, आणि मग पाठीच्या बाजूने हळूहळू वर वाकली. कोणी तिला हात लावला नव्हता. कोणी ठोकली नव्हती. दगडूने ती बाहेर काढून पुन्हा ऐरणीवर ठेवली, तर मधेच टेकली आणि दोन्ही टोकं अधांतरी. पाळण्यासारखी डुलत राहिली. वरची माती खरवडून त्याने बायकोला हाक दिली, "चिंच शे का वं?" तिने कालवणासाठी भिजवलेली चिंच आणली. पट्टीवर चोळून धुतली, आणि धारेच्या कडेने तसाच पांढुरका, लाटालाटांचा पट्टा उमटला.

पुढे मी पुष्कळ शिकले. इंग्रजी पुस्तकांतून पोलादाबद्दलही वाचलं. कडक होणारी धार फुगते आणि मऊ पाठीला वाकवते, हे आता मला नीट मांडून सांगता येतं. पण समजल्यामुळे ते आश्चर्य कमी झालेलं नाही. तोपर्यंत मला वाटायचं की वाकडी वस्तू कोणीतरी वाकवलेली असते. ही पाण्यात सरळ गेली होती आणि स्वतःच वाकून बाहेर आली होती.

पाश्कोलकाका मात्र अस्वस्थ होते. "मग माझी?" ते म्हणाले. "माझीला पाणी नाही काय?"

दगडूने चिनी तलवार घेतली. नखाने टिचकी मारून कान लावला. मग टोक लाकडाच्या ओंडक्यावर टेकवून वरून दाबलं. पातं धनुष्यासारखं वाकलं, काका "अरे अरे अरे" करत पुढे धावले, आणि हात सैल सोडताच ते सळसळत पुन्हा सरळ झालं. दगडूने काकांना जवळ बोलावून धारेशेजारची बारीक रेघ दाखवली. मधे कडक पोलादाचा पत्रा, दोन्ही अंगांना मऊ लोखंड, भाकरीच्या दोन पापुद्र्यांत चटणी भरावी तसं. ज्याने केली तोही उस्तादच.

"पण ही वाकली का नाही?" मी विचारलं.

"याले दोन धारा. दोन्हीकडून ओढ सारखी. कुठे जाई बिचारी?"

 येताना वाटेत काका मोपेड हळू करून, मान वळवून म्हणाले, "दोन्हीकडून ओढ म्हणून सरळ. हवालदाराला हे सांगू नको. मी सांगेन, वेळ बघून."

मी पट्टा घासून काढला नाही. दगडू म्हणाला म्हणून नाही. मला तो मिटवावासा वाटेना. पण भीती तशीच होती. आबांना दगडू माहीत नव्हता, डोण माहीत नव्हती. त्यांना फक्त त्यांची बिनडागी तलवार माहीत होती. 

नवमीला सकाळी पाट मांडला. आबा धुतलेलं धोतर नेसून बसले आणि बाबांनी चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. भिंगांमागे त्यांचे डोळे एवढे मोठे दिसले की मला हसू यायला हवं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "उंच झालीस," म्हणाले. मग म्यानातून पातं काढलं.

 पाश्कोलकाका उंबऱ्यात उभे होते, हातात टोपी. आबांनी पातं खिडकीकडे केलं, तिरकं केलं, आणि तिथेच धरून ठेवलं. "आबा, मी चिंच लावली," मी म्हणाले, आणि मग सगळं एकदम बोलत सुटले: राख, चटई, दगडू, माती, पाणी, हा डाग नाही, ही शीव आहे, कडक आणि मऊ यांची.

त्यांनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "हे होतं."

"काय होतं, आबा?"

"हे. तेव्हा. ती मिळाली तेव्हा होतं." ते पात्याकडेच बघत बोलत होते. जपान्यांनी शरणागती पत्करली त्या दिवशी एका टेबलावर अधिकारी एकेक करून तलवारी ठेवत होते आणि आबा मोजून बाजूला लावत होते. एक वयस्क अधिकारी आबांसमोर थांबला. तलवार ठेवण्याआधी त्याने ती वीतभर बाहेर काढली, आबांकडे पाहिलं, आणि अंगठा न टेकवता या लाटेवरून हवेतच फिरवला. बोलला काही नाही. मग म्यानात सारून, वाकून, टेबलावर ठेवली. पुढे साहेबाने तीच आबांना दिली. "मला वाटलं, डाग पडलाय म्हणून माफी मागतोय. मी बराकीत आठवडाभर विटकरीची पूड घेऊन घासली. गेला डाग. चाळीस वर्षं मी सांगत आलो, एक डाग दाखवा."

 रस्त्यावरून सायकली चालल्या होत्या.

"म्हणजे तो मला दाखवत होता," आबा म्हणाले.

त्यांनी अंगठा वर धरला आणि पात्याला न टेकवता, मुठीपासून टोकापर्यंत, त्या लाटेवरून हवेतच नेला. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने भिंगं पुसली, पुन्हा लावला, आणि उंबऱ्याकडे बघून म्हणाले, "पाश्कोल, तिथे काय उभा? तुझी फूटपट्टी आण इकडे. बघू दे नीट." काका येऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. दोघांनी एकमेकांच्या तलवारी हातात घेतल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. श्रीखंड वाढेपर्यंत त्यांच्यात एकही वाद झाला नाही. आईने मला नंतर सांगितलं, की तिला त्याची काळजीच वाटली.

तर नील, भारी कुठली याचं उत्तर माझ्याकडे नाही. एक सगळं बळ एका बाजूला देऊन वाकते, दुसरी दोन्ही बाजूंनी ताणून सरळ राहते. दोन्ही करणाऱ्यांच्या पहिल्या काही पट्ट्या फुटल्या असणार, एवढं मी दगडूच्या शब्दावर खात्रीने सांगते.

आबा गेल्यावर बाबांनी जपानी तलवार परवान्यासकट रीतसर सरकारजमा केली. पावती आहे, ती निळ्या फायलीत. पाश्कोलकाकांची तलवार त्यांच्या मुलीने लिस्बनला नेली, पुढचं मला माहीत नाही. खेरडीच्या त्या आंब्याखाली आता गोदाम आहे. कानशीची पट्टी दगडूने मला दिली होती, ती माझ्याजवळ आहे, आणि हीच तिची चिठ्ठी. वीतभर लांब आहे, वाकडी आहे. मी तिला वर्षातून एकदा खोबरेल लावते. रेघ अजून दिसते.